कापसाचे खांदे

काशीतल्या आमच्या घरमालकीण साहेबलोकांचे जुने कोट उसवायच्या. शिवायच्या नाहीत, उसवायच्या. गंगास्नान, विश्वेश्वराचं दर्शन, स्वयंपाक, जेवण असं सगळं उरकलं की त्या माडीवरच्या खिडकीत बसत, मांडीवर एखादा काळा नाहीतर करडा कोट आडवा घेत आणि सुईच्या टोकानं टाका उचलून कात्रीनं तोडत जात. वालाच्या शेंगा सोलाव्यात इतक्या शांतपणे. दिवस कलेपर्यंत कोटाचा कोट राहत नसे. बाह्या, पाठ, कॉलर, अस्तर, सगळे तुकडे सतरंजीवर ओळीनं मांडलेले असत आणि त्या त्यांच्याकडे बघत बसलेल्या असत.

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवरा गेला तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय. मलाही आधी तसंच वाटलं.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन काशीला आले, कारण माझे यजमान तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. रामघाटाच्या वरच्या अंगाला सगळी मराठी वैदिकांची वस्ती. गल्ली अशी अरुंद की भरलेली कळशी घेऊन दोघी समोरासमोर आल्या तर एकीनं भिंतीला पाठ लावायची. तिथली माणसं कित्येक पिढ्या काशीत, घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत हिंदी अशी मुरलेली की मला आधी हसू यायचं. भाजीत ‘निमक’ जास्त व्हायचं, माणसाची ‘तबियत’ बिघडायची, आणि काम ‘फुरसतीनं’ करायचं असायचं. आम्ही मधल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो, वरच्या माडीवर मालकीणबाई, आणि मधली एक भिंत ओलांडली की त्यांच्या दिरांचं घर. पहाटे त्या भिंतीपलीकडून वेदपठण ऐकू यायचं. दीर मोठे दशग्रंथी विद्वान, घरात शिष्य शिकायला असत. मालकीणबाई त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून आम्हीही आपसांत भाऊजीच म्हणायचो. मालकीणबाईंना मात्र सगळी गल्ली काकू म्हणे.

काकू तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. केशवपन केलेलं, लाल आलवण, अंगात चोळी नाही. विधवेनं शिवलेलं वस्त्र घालायचं नाही अशीच त्या घरची रीत होती. जिच्या अंगाला शिवलेली चिंधी लागत नव्हती, ती बाई दिवसभर मांडीवर कोट घेऊन बसायची.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी मला एका दुपारी आपणहून सांगितलं. त्यांचे यजमान शास्त्री होते. छावणीतल्या एका साहेबाला ते संस्कृत शिकवायला जात. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं गुरुदक्षिणा म्हणून स्वतःचा एक काळा कोट त्यांना दिला. शास्त्रीबुवांनी तो कधी घातला नाही, पण टाकलाही नाही. खुंटीला लावून ठेवला.

“हे गेले ना,” काकू म्हणाल्या, “तेव्हा त्यांची धोतरं होती, उपरणी होती. धुतली, घडी केली, संपलं. धोतर सोडलं की नुसतं कापड होतं ग. पण हा मेला कोट! ह्यांनी कधी घातला नाही, तरी कुणी अंगात असल्यासारखा खुंटीवर उभा. छाती पुढं, खांदे ताठ. मी खोलीत शिरले की वाटायचं, पाठमोरं कुणीतरी उभं आहे. वर्षभर सोसलं. मग एक दिवस खाली ओढला आणि म्हटलं, बघू तरी आत कोण आहे.”

“काय होतं आत?”

“कापूस,” त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. “खांद्यात कापूस भरलेला, छातीत घोड्याच्या केसांचं जाडं कापड. मला लहानपणापासून वाटायचं, साहेब जातीनंच रुंद खांद्याचा. रस्त्यात दिसला की मी बाजूला व्हायची. त्या दिवशी कळलं, ते खांदे शिंप्यानं केलेत. तेव्हापासून मला साहेबाची भीती म्हणून वाटली नाही.”

हे त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं होतं. पोरं तर गोरा शिपाई दिसला की एकमेकांना कोपरखळी मारून “कपास, कपास” म्हणायची.

तो पहिला कोट पुन्हा कधी जोडला गेला नाही. उलट त्यांना चटकच लागली. छावणीत साहेबांच्या सामानाचा लिलाव झाला की जुने कपडे कबाड्यांकडे येत. त्यातला एक कबाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन हाळी द्यायचा, “ए माई, आज त लंबका कोट हौ!” की काकू आलवणाचा पदर सावरत तुरुतुरु जिना उतरायच्या. जुन्या पितळी भांड्यावर नाहीतर घरच्या पापडांवर सौदा ठरायचा. कोट वर यायचा, गंगाजल शिंपडलं जायचं आणि कात्री चालू व्हायची.

भाऊजींना हे अजिबात खपत नसे. ते स्वतः वर येत नसत, खालच्या चौकातून बोलत. माणूस रागीट नव्हता. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती. फक्त शास्त्राला सोडून काही झालं की त्यांना खरोखर दुखायचं, दात दुखावा तसं.

“वहिनी, परक्याच्या अंगचं वस्त्र. कुणाचं, जिवंत की मेलेला, ठाऊक नाही.”

“लोकरीचं आहे, भाऊजी. धाबळी नेसून तुम्ही पूजा करता ना? लोकर कुठे ओवळी होते?”

“लोकर नाही होत. पण शिवलेलं आहे ते.”

“म्हणून तर उसवतेय. उसवल्यावर शिवलेलं कुठे राहिलं?”

भाऊजी थोडा वेळ वर बघत राहत. “आणि ते घोड्याचे केस?”

“देवावर चवरी ढाळता ती कशाची असते? शेपटीचीच ना?”

मग भाऊजी आपल्या घरात जात. मला वाटतं, त्यांना वहिनींशी वाद घालायला आवडतही असावं. शिष्यांमध्ये त्यांना असं उलट उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

काकूंचं खूळ नुसतं उसवण्यापाशी थांबलं नाही. उसवलेले तुकडे त्या चिंधीनं बांधून गासड्या करत आणि जुन्यात जुनी गासडी सगळ्यांत खाली अशा रचून ठेवत. एकदा त्यांनी सगळ्या गासड्या सोडून मला कोटाची वंशावळ दाखवली.

“हा बघ आजोबा. पार गुडघ्यापर्यंत, सगळीकडून सारखा घेर. ह्यानं घोड्यावर कसं बसायचं? म्हणून हा दुसरा, पुढून कापून टाकलेला, मागं मात्र शेपूट. आणि हा आताचा, आखूड. शेपूट गेली, पण पाठीला खाली चीर राहिली, बघितलीस? ती खोगिरावर दोन्हीकडं पडायला. साहेब घोड्यावरून उतरला, बग्गीत बसला, कचेरीत खुर्चीवर बसला, तरी पाठीची चीर काही बुजवत नाही.”

मग कोटाची छातीवरची मागं दुमडलेली पाती त्यांनी माझ्याकडून वर उचलून धरवली. ती बरोबर गळ्याशी येऊन मिटली. एका पातीला काज होतं, समोर बटण मात्र नव्हतं.

“म्हणजे आधी हा आपल्या अचकनीसारखा गळ्यापर्यंत बंद होता,” काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला कोटापेक्षा त्यांच्याकडेच बघत राहावंसं वाटलं.

जे उसवून कळत नसे, ते त्या खलीफांना विचारत. खलीफा म्हणजे चौक बाजारातले वृद्ध मुसलमान शिंपी. छावणीतल्या साहेबांचे कपडे त्यांच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या शिवले जात. विश्वेश्वराहून परतताना काकू हातात गंगाजलाचा लोटा घेऊन दुकानाच्या पायऱ्यांपासून चांगलं अंतर राखून उभ्या राहत आणि रस्त्यातूनच मोठ्यानं विचारत, “खलीफा, साहेब सगळं असं कोळशाच्या रंगाचं काहे पहनता है?”

खलीफांना या प्रश्नांची सवय झाली होती. हातातलं काम न थांबवता ते सांगत, “माँजी, इनके दादा-परदादा तो ज़री पहनते थे, रेशम पहनते थे, हमारे बनारसी कमख़ाब जैसा. फिर सबने उतार दिया. अब ऊपर-नीचे एक ही थान का कपड़ा. उसी को सूट कहते हैं.”

काकू घरी येऊन हे मला जसंच्या तसं सांगत आणि वर म्हणत, “बघ, झगमगाट टाकून देऊन वरखाली एकसारखं. मला तर भाऊजींच्या सोवळ्याचीच आठवण झाली.” हे मात्र त्या भाऊजींपुढं बोलल्या नाहीत.

अशी काही वर्षं गेली. काकू उसवत राहिल्या. आणि मग एका श्रावणात त्यांनी पहिल्यांदा एक कोट शिवायला घेतला.

तो त्यांच्या पुतण्यासाठी होता. भाऊजींचा हा एकुलता एक मुलगा विशीतला, गणितात फार हुशार, बोलायला अगदी कमी. काकूंना मूल नव्हतं. हा लहानपणापासून भिंतीपलीकडे जेवायचा आणि अलीकडे झोपायचा. त्याला विलायतेत शिकायला शिष्यवृत्ती मिळाली, हे त्यानं आधी काकूंना सांगितलं, वडिलांना सांगितलंच नाही. समुद्र ओलांडला की माणूस बाटला, असं तेव्हा आमच्या गल्लीत धरून चालत, आणि त्याचे वडील तर गल्लीचं शास्त्र सांगणारे. चौकातल्या कुठल्याही शिंप्याकडे माप दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत घाटावर बातमी पोचली असती.

“काकू, किसी को पता नहीं चलना चाहिए,” तो म्हणाला. घाबरला की तो हिंदीवर जायचा.

कानपूरचं गडद राखी लोकरीचं कापड त्यानं मित्राकरवी आणवलं. काकूंनी आपल्या गासड्यांतला सगळ्यांत नवा कोट काढला, त्याचे तुकडे नव्या कापडावर मांडले, पुतण्याच्या अंगाप्रमाणे वाढवले, घटवले आणि देवाचं नाव घेऊन कात्री लावली. लांब शिवणी माझ्या माहेरून आलेल्या हातमशिनवर मी घालून दिल्या. बाकी सगळं काकूंनी हातानं केलं. एक विजारही त्यांनी अशीच उसवून शिकून घेतली. तिची पुढची बटणं कुठे आणि कशाला असतात हे लक्षात आल्यावर आम्ही दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसलो की खालून यजमानांनी विचारलं, काय झालं?

मग ती दुपार आली. पुतण्या कच्च्या टाक्यांचा कोट-विजार घालून खिडकीपाशी उभा होता. कपाळाला गंध, मागं शेंडी, आणि राखी लोकरीवर सगळीकडे पांढरे धागे. काकू त्याच्या मागं जाऊन डाव्या खांद्यात कापूस सारत होत्या. “तुझ्या काकांसारखाच आहेस,” त्या पुटपुटल्या, “डावा खांदा उतरता.” मी टाचण्या धरून उभी होते. जिन्यावर पावलं वाजली, आणि कधी वर न येणारे भाऊजी उंबऱ्यात उभे राहिले. कुठल्याशा मंत्राचं पुस्तक काकूंकडे राहिलं होतं, ते न्यायला आले होते.

त्यांची नजर कोटावरून विजारीवर गेली.

“हे काय आहे?” भाऊजींनी विचारलं.

“कोट आहे, भाऊजी.”

“ते दिसतंय. कशासाठी?”

पुतण्याच उत्तरला. “मला विलायतेला जायचंय, बाबा. गणित शिकायला. जहाजाचं ठरलंय.”

“बापाला न सांगता.”

“सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालो असतो,” भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “उतरव ते.”

पुतण्या घाईघाईनं बाही ओढायला लागला. काकू पुढं झाल्या. “ओढू नकोस. कच्चे टाके आहेत. हळू.” लहान मुलाचं अंगडं काढावं तसा त्यांनी त्याच्या अंगातून कोट सोडवून घेतला आणि हातावर घडी करून दिराकडे वळल्या. “भाऊजी, हा मी पुरा करणार आहे.”

“हा गेला, तर मी ह्याच्या नावानं आंघोळ करीन, वहिनी.”

“तुमचा मुलगा आहे. तुमचा अधिकार.”

“आणि तुम्ही तो पुरा केलात, तर दादाच्या श्राद्धाच्या स्वयंपाकाला तुमचा हात लागणार नाही.”

काकूंचा चेहरा उतरला. त्यांना मुलगा नसल्यामुळे शास्त्रीबुवांचं दरवर्षीचं श्राद्ध भाऊजी करत. त्या दिवशी पहाटे सोवळ्यात जाऊन सगळा स्वयंपाक काकू करत. नवऱ्यासाठी करण्यासारखं त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं. बाकीचे दिवस त्या कोणाच्या कोणी नव्हत्या, त्या एका दिवशी त्या शास्त्रीबुवांची बायको असत.

भाऊजी खाली गेले. पुस्तक तिथंच राहिलं.

“काकू, राहू दे,” पुतण्या म्हणाला. “मी मुंबईत तयार घेईन.”

“मुंबईचा शिंपी तुझा खांदा बघणार आहे का?” काकू म्हणाल्या. त्या खाली बसल्या, सुई घेतली. दोरा ओवायला गेल्या, तो जाईना. पुन्हा गेल्या. मग सुई माझ्यापुढं करून म्हणाल्या, “एवढी ओवून दे ग.”

कोट पुरा झाला. पुतण्या गेला तो धोतर नेसूनच, गल्लीतून निमूटपणे. सूट ट्रंकेत होता. रामघाटावरून नावेनं तो राजघाटाला आणि तिथून स्टेशनावर जाणार होता. वडिलांच्या दाराशी त्यानं उंबऱ्याला डोकं टेकलं. दार उघडलं नाही. नाव राजघाटाच्या पुलाकडे वळून दिसेनाशी झाली, तेव्हा मी खिडकीत होते. भाऊजी एकटेच घाट उतरले, गंगेत शिरले आणि बुडी मारली. वर आले तरी धोतर पिळलं नाही. पाण्यात कमरेएवढे तसेच उभे राहिले, पुलाकडे तोंड करून.

पुढं सगळं ठीक झालं, हे इथंच सांगून टाकते. काही वर्षांनी पुतण्या शिकून परत आला, वडिलांच्या समाधानासाठी त्यानं प्रायश्चित्तही घेतलं आणि लखनौकडे कुठल्याशा कॉलेजात शिकवायला लागला. भाऊजी त्याला आणायला स्वतः स्टेशनावर गेले होते. काकूंनी मात्र त्यानंतर पुन्हा कोट शिवला नाही. उसवत राहिल्या, डोळे थकेपर्यंत. आमची बदली झाली तेव्हा निरोप देताना त्यांच्या मांडीवर कुणा पलटणीतल्या साहेबाचा लाल कोट होता.

पण मला काकू आठवतात त्या यातल्या कुठल्याच दिवशीच्या नाहीत. आठवतात त्या पुतण्या गेल्यानंतरच्या पौषात, शास्त्रीबुवांच्या श्राद्धाच्या दिवशीच्या.

काशीची थंडी हाडांत शिरते. त्या दिवशी धुकं दुपारपर्यंत नदीवरून हललं नव्हतं. पहाटेपासून भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तुपाचा वास येत होता. काकू आंघोळ करून खांद्यावर धाबळी ओढून बसल्या होत्या. हात मांडीवर. कोट नाही, सुई नाही. मी वर जाऊन नुसतीच बसले. भिंतीपलीकडून मंत्र ऐकू येऊ लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “वड्यांत आलं घालायला विसरली असेल जाऊबाई. ह्यांना आल्याशिवाय चालत नसे.”

दुपार कलली. मंत्र थांबले, पंगत उठल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. भाऊजी होते. हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट. काकू उठून उभ्या राहिल्या. भाऊजींनी ताट काकूंपुढं ठेवलं, आणि परत जाण्याऐवजी उंबऱ्यावरच बसले. मी उठून निघणार होते, पण वाटेतच ते बसलेले.

“वहिनी,” शेवटी भाऊजी म्हणाले, “तिकडं थंडी फार असते म्हणतात.”

“असते.”

“त्या तुमच्या कोटानं निभेल?”

“निभेल. आतून दुहेरी केलाय.”

भाऊजींनी मान हलवली. थोडा वेळ ते आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिले. “बटणं सगळी लावली, तर वारा शिरणार नाही.”

“सगळी नाही लावायची. सगळ्यांत खालचं सोडून ठेवायचं असतं.”

“एवढ्या थंडीत? का?”

“रीत आहे त्यांची. खलीफा सांगत होते, त्यांचा कुणी एक राजपुत्र होता. त्याचं पोट सुटलं, खालचं बटण लागेना. त्यानं ते सोडून दिलं. दरबारातल्यांनी बघितलं, त्यांनीही सोडलं. मग झाडून सगळ्या विलायतेनं.”

भाऊजी विचारात पडले. एखाद्या ऋचेचा अर्थ लावताना पडत असतील तसे. “म्हणजे एका माणसाचं पोट सुटलं,” ते सावकाश म्हणाले, “आणि त्याचं शास्त्र झालं?”

“हो,” काकूंनी ताटासमोर बसून वडा मोडला. “आपली काही शास्त्रं कशी झाली असतील, कोण जाणे.”

भाऊजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे ओठ हलले, खांदे हलले, आणि तो अख्खा जन्म मोजूनमापून बोललेला माणूस हसायला लागला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हसू थांबलं तरी पाणी थांबलं नाही. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“हे त्याला सांगितलंय का तुम्ही? बटणाचं?” ते म्हणाले. “नाहीतर सगळी लावून बसेल तिकडं. हसतील त्याला लोक.”

“सांगितलंय, भाऊजी.”

“मग बरं,” ते म्हणाले. “जेवा आता तुम्ही. वडे गार होताहेत.”